सांडपाण्याची सोयरीक

मी आयुष्यभर घाण विकली. हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले ते माझ्या धाकट्या भावजयीच्या माहेरच्या मंडळींसमोर, आणि त्या दिवसापासून त्या घरात चहाचा कप माझ्याकडे जरा लांबूनच सरकवला जाऊ लागला. पण खोटं कशाला बोलू? कोणी जन्मभर टाइपरायटर बडवला, कोणी पोरांकडून पाढे घोकून घेतले. मी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं सांडपाणी दुसऱ्या कारखान्याच्या गळ्यात बांधलं. त्यात दोघांचंही भलं झालं, माझं घर चाललं, आणि हसून हसून पोट दुखलं ते वेगळंच.

मी मूळची केळव्याची, राऊतांची. आमची नारळ-सुपारीची वाडी होती. वाडीत वाढलेल्या माणसाला एक खोड लागते, त्याच्याच्याने काही फेकवत नाही. मोरीचं पाणी अळवाला जायचं, सुपारीची विरी, म्हणजे झावळीचं रुंद देठ, पत्रावळीच्या कामी यायची, नारळाची सोडणं चुलीत, चुलीतली राख भांड्यांना आणि उरलेली पानवेलींच्या बुडाशी. आमच्या आईला ‘कचरा’ हा शब्द माहीत होता, पण तो ती फक्त आम्हा भावंडांच्या केसांबद्दल वापरायची.

अशा घरातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत चिकटले. काम सोपं होतं. बाहेर जाणाऱ्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवायची. पट्टी लाल झाली की पाणी आम्लाचं, म्हणजे ॲसिडचं. निळी झाली की त्याच्या उलट, कॉस्टिक सोड्याच्या जातीचं. आमची पट्टी रोज लालभडक व्हायची. मी साहेबांना सांगायचे, लाल आहे. साहेब म्हणायचे, ठीक आहे. आणि पाणी नाल्याने निघून जायचं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून कुंपणापलीकडच्या कारखान्याच्या गटारात पट्टी बुडवली, तर ती निळीशार. मी तिथेच डबा हातात घेऊन हसत सुटले. हे लाल, ते निळं; दोन्ही एकत्र आली तर मीठ आणि पाणी! शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. दोन्ही कारखाने मात्र शेजारी शेजारी बसून आपापलं विष वेगवेगळं फेकत होते, जसे भांडलेले दोन भाऊ वेगवेगळ्या विहिरी खणतात.

ती जुळणी मी करून दिली, आणि दोन्हीकडचे मालक इतके खूश झाले की मला वाटलं, हाच आपला धंदा. नोकरी सोडली. मोपेड घेतली. मागच्या कॅरिअरला बाटल्यांची पिशवी, पुढच्या बास्केटमध्ये पट्ट्यांचं पाकीट आणि छत्री. कारखान्यांच्या गेटवर जाऊन सांगायचं, ‘तुमचं सांडपाणी बघायला आलेय.’ वॉचमन लोक मला आधी वरपासून खालपर्यंत बघायचे आणि मग आत फोन करायचे, ‘कोई मॅडम आयी है, गटर देखने.’ संध्याकाळी आई विचारायची, आज काय केलंस? मी म्हणायचे, दोन स्थळं बघितली, एक जमेलसं दिसतंय. शेजारणीला वाटायचं माझंच लग्न ठरतंय.

पण या सोयरिकीत एक गोम होती, आणि ती मला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. जी वस्तू माणूस काल फुकट फेकत होता, ती आपण मागितली रे मागितली की तो मूठ आवळतो. एका मालकाच्या आवारात राखाडी चिखलाचा डोंगर साचला होता. तो उचलायचा कसा म्हणून बिचाऱ्याची झोप उडाली होती. मी एका विटावाल्याला घेऊन गेले आणि विटावाल्याने नुसतं ‘चालेल’ म्हटलं, तर मालक खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, ‘माल चांगलाच आहे आमचा.’ माल! सकाळपर्यंत तो त्याला शिव्या देत होता.

त्याहून भारी गिऱ्हाईक दुसरंच. एका रंगवाल्याचं वापरलेलं ॲसिड मी तुरटी करणाऱ्याला मिळवून दिलं. चांगलं चाललं होतं. मग माझ्या लक्षात आलं की याच्याकडून येणारं ॲसिड महिन्या-महिन्याला वाढतंय, रंग मात्र तेवढाच निघतोय. चौकशी केली तर हा गृहस्थ मुद्दाम जास्त ॲसिड वापरत होता, कारण खराब ॲसिड खपतंय! मी डोक्यावर हात मारला. घाण कमी व्हावी म्हणून मी तिला किंमत मिळवून दिली, आणि किंमत आली म्हणून तो घाण पिकवू लागला. ती सोयरीक मी स्वतः मोडली. तुरटीवाला वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता.

आणि अबकारी खात्याचा तो अधिकारी! आमचा टँकर अडवून त्याने विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, घाण. तो म्हणाला, घाण कोणत्या सदरात येते? मी म्हटलं, साहेब, हे पाणी नाल्यात सोडलं असतं तर? तो म्हणाला, तर काहीच नाही. आणि विकलं तर? विकलं तर तो माल, मालावर कर. मग तो स्वतःच थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो हसायला लागला, मी हसायला लागले, टँकरचा ड्रायव्हरही हसायला लागला. कर मात्र भरावाच लागला. फेकलं तर माफ आणि कामाला लावलं तर दंड, अशी त्या वेळची रीत होती, आणि ती कोणा दुष्टाने बनवली नव्हती. ज्यांनी बनवली त्यांना नाला पुढे कुठे जातो हे कधी बघावंच लागलं नव्हतं.

नाला कुठे जातो ते मला दाखवलं जमनाकाकीने.

काकी पाम गावाच्या पुढे, नाला खाडीला मिळतो तिथल्या पाड्यातली कोळीण. तिचा नवरा, दीर होडीवर जायचे. काकी कालवं काढायची. कालव म्हणजे खडकाला चिकटून वाढणारा शिंपल्यातला जीव. ओहोटीला खडकावर उकिडवं बसायचं, लोखंडी टोच्याने शिंपले सोडवायचे, घरी आणून फोडायचे आणि आतला गर वाटीत गोळा करायचा. ज्याने ओल्या नारळातलं कालवांचं कालवण खाल्लं नाही त्याने आमच्या किनाऱ्याबद्दल काही बोलू नये. ऐंशीनंतर कधीतरी ही काकी माझ्या घरी केळव्याला आली, पायऱ्यांवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली,

‘बाय, तूच ना ती घान विकते? मंग माजी पन वीक.’

मी विचारलं, तुझी कसली घाण? तर तिने सांगितलं, नाल्यातून तिच्या खडकावर येते ती. तिला गिऱ्हाईक बघ. मला हसू फुटलं, पण ती हसत नव्हती. गेल्या हंगामात खडकावरचे शिंपले फोडले तर निम्मे रिकामे निघाले होते. दोन्ही सुना कालवं सोडून वसाहतीत पॅकिंगला जायला लागल्या होत्या. ठेकेदार काकीलाही विचारून गेला होता, कंपनीत झाडू मारायला येतेस का. येत्या हंगामात खडक सुधारला तर ठीक, नाहीतर काकी जाणार होती. ‘साट वर्सांची बाई मी, पान्यात वाडलेली,’ ती म्हणाली, ‘आता पत्र्याकाली काय झाडू?’ तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, राग होता, आणि त्या रागाने मी मोपेडला किक मारली.

नाल्याच्या कडेकडेने पट्ट्या बुडवत वर वर गेले. एक दिवस पट्टी लाल, दुसऱ्या दिवशी निळी, तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल. त्या नाल्यात पाणी सोडणारे कारखाने दोनच. एक तारेचा. तिथे तार ओढण्याआधी तिच्यावरचा गंज काढायला ती ॲसिडच्या टाकीत बुडवतात, म्हणून त्यांचं पाणी लाल. दुसरा कापडाचा. तिथे सुताला चमक यावी म्हणून कापड कॉस्टिकमधून काढतात, म्हणून त्यांचं निळं. दोघं आळीपाळीने टाक्या रिकाम्या करत होते आणि कालवांना एक दिवस ॲसिडचा, एक दिवस कॉस्टिकचा असा मार बसत होता. सोयरीक तर पत्रिका न बघता जुळत होती!

तार कारखान्याचे मालक शांतीशेठ. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला बारीक टिळा. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. माणूस सरळ. त्यांनी मला सरळच विचारलं, ‘राऊतबेन, नाल्यात पाणी सोडायला मला खर्च काय? काही नाय. मग तुमचं ऐकून मी खर्च कशाला करू?’ खडक सांगून उपयोग नव्हता, तो त्यांनी पाहिलाच नव्हता. मी त्यांना त्यांचंच सिमेंटचं गटार दाखवलं. ॲसिडने ते इतकं खाल्लं होतं की दर पावसाळ्यानंतर नवं बांधावं लागायचं. शेठनी गटाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कापडवाल्याचा टँकर येऊ द्यायला कबूल झाले. कापडवालेही तयारच होते. शेठच्या आवारात एक रुंद, उथळ टाकी बांधली. तिच्यात दोन्ही पाणी भेटायची, गेरूसारखा लोखंडाचा गाळ खाली बसायचा, आणि वरचं नितळ खारं पाणी नाल्यात जायचं. खाडीला मिठाचं काय वावडं!

खडक हळूहळू सुधारू लागला. आणि मग काकीने ती घोडचूक केली, जी आमच्या किनाऱ्यावरचं माणूसच करू जाणे. ज्याने उपकार केले त्याला हंगामाची पहिली पाटी द्यायची, हा पाड्याचा रिवाज. काकीने डोकीवरून पाटी आणली, गेटवरच्या वॉचमनला बाजूला सारलं आणि थेट शांतीशेठच्या टेबलावर, काचेवर, ओलीचिंब, कवचासकट, जिवंत कालवं ओतली. मी समोरच बसले होते. शेठ खुर्चीसकट मागे सरकले ते भिंतीला टेकेपर्यंत. काकी कौतुकाने एक शिंपला उचलून त्यांच्यासमोर धरत होती आणि शेठचे डोळे पांढरे झाले होते. एक कालव टेबलाच्या कडेवरून त्यांच्या चपलेत पडलं. मी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला, पण नाकातून आवाज आलाच.

वाचवलं ते रामविलासने. हा ॲसिडच्या टाक्यांवरचा ऑपरेटर, दरभंग्याकडचा, मासळीवर जीव टाकणारा. त्याने कालवं परत पाटीत भरली, काच पुसली आणि पाटी बाहेर नेली. शेठचा हुकूम सुटला की कंपाउंडच्या भिंतीच्या आत शिजवायचं नाही. मग भिंतीबाहेर रानभेंडीच्या डेरेदार झाडाखाली तीन दगड मांडले गेले. शुक्रवारी वसाहतीला सुट्टी, म्हणून गुरुवारी पाळी सुटल्यावर. काकीनेच मसाला वाटून दिला. रामविलासने त्यात मोहरी घालायचा हट्ट धरला. काकीने त्याच्या हातावर पळी मारली.

आणि इथून गंमत सुरू झाली. काकीने दर गुरुवारी पाटी आणायची ठरवली, पण आठवड्यात नाल्याला गंजकं लाल पाणी आलं तर पाटी नाही. शेठना या कराराचा पत्ता नव्हता. करार त्यांच्याशी नव्हताच. तो ज्यांच्या हातात पाणी सोडायचा व्हॉल्व्ह होता त्यांच्याशी होता. घाईघाईत टाकी अर्धवट सोडून देणारे ऑपरेटर आता एकमेकांवर पहारा करू लागले. ‘अरे रुक, बैठने दे, नीचे बैठने दे,’ रामविलास टाकीत डोकावून ओरडायचा, ‘गुरुवार खराब करेगा क्या?’ सुपरवायझरच्या धाकाने जे होत नव्हतं ते कालवांनी होत होतं. शेठ मला एकदा म्हणाले, माझी माणसं एकदम शहाणी झाली. मी म्हटलं, हो, हवापाण्याचा गुण.

दोनेक हंगाम असे मजेत गेले. एक सून पॅकिंग सोडून परत खडकावर आली. आणि मग एक फार चांगली गोष्ट घडली, जिने सगळं बुडवलं. कापडवाल्यांनी नवं यंत्र बसवलं. त्यात कॉस्टिकचं पाणी आटवून पुन्हा वापरता येऊ लागलं. त्यांचं सांडपाणीच संपलं! मी त्यांना मनापासून शाबासकी दिली आणि गेटबाहेर येऊन मोपेडवर बसले. आता शेठच्या ॲसिडला जोडीदार कोण? दुसरीकडे विचारलं तर माझी गरज ओळखून लोक भाव खाऊ लागले. ॲसिड मारणारा चुना बाजारात मिळत होता, नाही असं नाही. पण चुना विकत आणावा लागला असता, आणि नाला फुकट होता. शेठ म्हणाले, ‘बेन, तुम्ही शोधा. तोवर थोडे दिवस पाणी जाऊ द्या. पहिले जातच होतं ना?’

थोडे दिवस. मला ठाऊक होतं, थोड्या दिवसांत खडक जातो. रामविलासलाही ठाऊक होतं. त्याने पंप बिघडल्याचं निमित्त करून टाकी अडवून धरली. पण ती काठोकाठ भरत आली होती, आणि ती भरली की ॲसिडचं काम थांबणार, तार थांबणार, आणि मग त्याची नोकरीही. ‘दीदी, कल शाम तक,’ तो म्हणाला. ‘उसके बाद मेरे हाथ में नहीं है.’

काकीला हे सांगायला मी पाड्यावर गेले. घराच्या मागच्या बाजूला बोलत उभ्या होतो. ती म्हणाली, म्हणजे झाडू. मी तिला समजवायला पिशवीतून त्या पाण्याची बाटली काढली, की बघ, एवढं आंबट आहे, एवढ्याला मारक असं दुसरं काहीतरी शोधतेय. ती बाटली पाहून तिचं डोकं फिरलं. ‘ती घान माज्या दारात आनतेस?’ म्हणत तिने हाताच्या फटक्याने ती उडवली. बाटली पडली, फुटली.

आणि फस्स झालं.

फस्स म्हणजे सोड्यावर लिंबू पिळावं तसं. पांढरा फेस, बुडबुडे, वाफेसारखा आवाज. मी खाली पाहिलं. आम्ही उभ्या होतो ती जमीन नव्हतीच. तो शिंपल्यांच्या ढिगाचा पायथा होता. काकीने, तिच्या सासूने, सासूच्या सासूने फोडून मागे टाकलेल्या कालवांच्या कवचांचा, माडाच्या निम्म्या उंचीचा ढीग. शिंपला म्हणजे चुनाच की! मी, बीएस्सी केमिस्ट्री, अख्खी वसाहत पालथी घालत होते आणि पाय मात्र नेमके त्यावर रोवून उभी होते. मी काकीला मिठी मारली. ती म्हणाली, याड लागलं हिला. मी म्हटलं, पोतं आण, काकी, पोतं!

दुसऱ्या दिवशी पाड्यातली एक बैलगाडी शिंपले भरून शेठच्या गेटात शिरली. वर काकी बसली होती. रामविलासने पहिलं पोतं टाकीत ओतलं आणि आमच्या आनंदाच्या भरात आम्ही एक क्षुल्लक गोष्ट विसरलो, की एवढ्या ॲसिडमध्ये एवढे शिंपले एकदम घातले तर फेसही तेवढाच येतो. तो आला. टाकीच्या काठावरून आला, फरशीवर आला, ऑपरेटरांच्या मांडीपर्यंत आला. रामविलासची एक चप्पल ऑफिसच्या दिशेने तरंगत निघाली. आम्ही सगळे हसतोय, काकी गाडीवरून हातवारे करतेय, आणि धोतर दोन्ही हातांनी वर धरून शांतीशेठ दारात उभे.

मी त्यांना पट्टी दाखवली. लाल जाऊन फिकट पिवळी झाली होती, म्हणजे ॲसिड बरंचसं मेलं होतं. म्हटलं, शिंपले भाजून चुना करून घातला की राहिलेलं कामही होईल. शेठनी मान डोलावली. मग पोत्यातला एक शिंपला वाकून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘बेन, हे तर जीवाचं घर हाय ना. मरेल्या जीवाचं. माझ्या कारखान्यात हे नाही चालणार.’

हा माणूस ढोंगी नव्हता. उंबरठ्यावर मुंगी दिसली तर तो पाय उचलून जायचा. काकी गाडीवरून उतरली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून बोलली. आवाज चढला नव्हता.

‘शेट, मी कालव मारते. मारते नि खाते, पोरांना घालते. तू खात नाय, चांगला मानूस हायेस. पन तुज्या पान्यानं माजा सगला खडक मेला व्हता. ते जीव कोनी खाल्ले? कोनीच नाय. मी खाया मारते, तू न खाता मारतोस. सांग, पाप कोनाचा मोटा?’

शेठ फेसाकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, जसं काही ते मनातल्या मनात काही पुटपुटत होते. मग ते म्हणाले, ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाय, काकी.’ मी दोन-तीन हंगाम त्यांना गटाराचा खर्च सांगत आले होते. खडकाचं असं उघड कधी बोलले नव्हते, कारण मला वाटायचं धंदेवाल्याला धंद्याचीच भाषा कळते. ती माझी समजूत त्या दिवशी फेसाबरोबर वाहून गेली, आणि गेली ते बरंच झालं.

मग शेठ पुन्हा शेठ झाले. विचारलं, शिंपल्यांचा भाव काय? आता काकी काय मागते म्हणून मी कान टवकारले. पाड्याच्या दृष्टीने तो ढीग म्हणजे घबाड होतं. काकीने टाकीच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. त्याच्या चाकाला रात्री घालायची साखळी आणि कुलूप लटकत होतं.

‘पैसा नको. त्याची चावी दे.’

शेठना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. काकीने फोड करून सांगितलं. शिंपले ती देईल, चुना पाड्यातली माणसं भाजतील, त्यांची मजुरी काय ती द्या. पण पाणी कधी सोडायचं ते ती ठरवणार. रोज ओहोटीच्या आधी ती येणार. तिचा कागदाच्या पट्टीवर विश्वास नव्हता, माझ्यासमोरच तिने तसं सांगितलं. तिची परीक्षा वेगळी होती. तुमच्यातला एक जण टाकीत उतरून उभा राहील. ढवळलेला गाळ बसू द्यायचा. ‘पान्यातून त्याचे पाय दिसले पायजे. दिसले तं सोडीन. नाय दिसले तं नाय.’

मी म्हटलं, आता शेठ हाकलून देतात. शेठनी खिशातून जुडगा काढला, त्यातली एक किल्ली बराच वेळ खटपट करून सोडवली आणि काकीच्या हातावर ठेवली. पहिल्या दिवशी टाकीत उतरायचा मान कोणाचा, म्हणून रामविलास विजार वर करू लागला, तर शेठ म्हणाले, पाणी माझं आहे. धोतर खोचून ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले, आणि पोरासारखे हसत म्हणाले, ‘ठंडुं छे.’

तेव्हापासून दहा-एक वर्षं हे चाललं. कंपनीत झाडू मारायला जायचं नाही म्हणून जी बाई इतकी झगडली, ती रोज कंपनीत जाऊ लागली, पण कमरेला किल्ली लावून, आणि वॉचमन तिला सलाम करायचा. दुसरी सूनही खडकावर परतली. आमचा एक नाला सुधारला म्हणून वसाहत सुधारली असं मी म्हणणार नाही. बाकीच्या कित्येक नाल्यांना मी जोडीदार शोधू शकले नाही, आणि जिथे शोधले तिथेही मालक बदलला की सोयरीक मोडायची. त्या पाण्यांची आठवण झाली की अजून वाईट वाटतं. पुष्कळ विद्वानांची अर्थशास्त्रावरची भाषणं मी नंतर ऐकली. वस्तूची किंमत कशी ठरवावी यावर ते तासन् तास बोलतात. व्हॉल्व्हची किल्ली कोणाकडे असावी यावर कोणी बोललं की मी पुढच्या रांगेत जाऊन बसेन.

पण सांगायची राहिली ती एक संध्याकाळ. मुंबईहून मोठे खरेदीदार आले होते. सूट, टाय, चकचकीत बूट. मोठी ऑर्डर होती, तार लवकरात लवकर हवी होती, शेठ त्यांना आवार दाखवत होते. टाकी भरली होती. ती रिकामी झाल्याशिवाय ॲसिडचं काम पुढे सरकणार नव्हतं. काकी वेळेवर आली. शेठनी पाहुण्यांना ‘एक मिनिट’ म्हटलं, धोतर खोचलं आणि सवयीने टाकीत उतरले. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. काकी काठावर उकिडवी बसली, डोळ्यांवर हात धरून पाण्यात वाकून बघत राहिली. शेठ पाण्यात अगदी स्थिर उभे होते, पायाने गाळ ढवळू नये म्हणून.

‘आज नाय, शेट,’ ती म्हणाली. ‘पाय दिसत नाय तुजे.’

किल्ली तिने कमरेला खोचली आणि गेटाकडे चालू लागली. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, ही बाई कोण, कुठल्या खात्याची? शेठनी गुडघाभर लालसर पाण्यात उभं राहून खाली, आपले न दिसणारे पाय शोधत पाहिलं. मग रामविलासला सांगितलं, साहेब लोकांना चहा दे, आज कारखाना बंद.